अळी लागलेल्या सहा ओळी

हरभऱ्याला फूल धरलं की माझ्या बोटांच्या भेगा चुरचुरायला लागतात. तसं हिंगोलीतल्या आमच्या गल्लीत हरभरा कुठला? समोर किराणा दुकान, बाजूला मोबाइलवाला, आणि गच्च्यांवर उन्हाला टाकलेल्या गोधड्या. पण मार्गशीर्ष सरत आला, सकाळचं नळाचं पाणी हाताला चावायला लागलं, भाजीवालीनं दारात टोपली उतरवून ‘हरभऱ्याची भाजी घ्या बाई, कवळी हाय’ म्हटलं, की मी आपसूक हात पदराला पुसते. आंबट पाणी भेगेत गेल्यावर जी आग होते ती हाताच्या लक्षात राहिलेली आहे. मग मी भाजी घेते आणि निवडायला बसते.

यंदाही थंडी वेळेवर आली. थंडी आली म्हणजे मला तीन वर्षांमागचा हिवाळा आठवतो, कारण त्या हिवाळ्यात आमच्या घरातून एक गोष्ट गेली. माझ्या हातचं काहीही न विचारता पिणारा नवरा मी गमावला. गैरसमज नको, नवरा आहे. हे लिहिते आहे तेव्हा ते समोरच्या खुर्चीत पेपर वाचताहेत आणि मधूनमधून खोकताहेत. गेलं ते न विचारणं. पस्तीस-छत्तीस वर्षांची सवय होती आणि ती एका दुपारी गेली.

निमित्त झालं आंबेचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आंब म्हणजे काय ते सांगते. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि त्या लवेवर खारट-आंबट असा रस धरतो. थंडीत रात्री दव पडलं की तो दवात उतरतो. संध्याकाळी धुतलेलं पांढरं पातळ कापड हरभऱ्यावर पसरून ठेवायचं. उजाडायच्या आत जाऊन बघावं तर कापड ओलं होऊन जड झालेलं. ते काचेच्या बाटलीत पिळायचं. पितळेला लावायचं नाही, स्टीललाही नाही. तीन-चार दिवस असं केलं की पावशेर तरी निघते. बाटलीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ती उन्हात ठेवायची. पोट फुगलं, दुखलं, भूक मेली, की चमचाभर आंब पाण्यातून घ्यायची. वर्षानुवर्षं टिकते आणि जुनी होईल तशी काळपट होत जाते.

पुसेगाव माझं माहेर. आमच्या रानाला लागून जुबेदाखालाचं रान. गावात लहानथोर सगळे तिला खालाच म्हणतात. हुरड्याच्या दिवसांत माझं पोट हटकून दुखायचं, कारण दोन माणसांचा हुरडा मी एकटी खात असे. आई मला खालाकडे पिटाळायची. खाला कोनाड्यातली बाटली काढायची, जिभेवर चमचा टेकवायची आणि माझं तोंड वाकडं झालं की हसत हसत विचारायची, अजून आणू का हुरडा? दात शिरशिरायचे, डोळ्यांत पाणी यायचं. थोड्या वेळानं एक ढेकर यायची आणि मी पुन्हा खळ्यावर हजर.

पुढे लग्न झालं, हिंगोलीला आले, शाळेत नोकरी केली. चौतीस वर्षं पोरांना शास्त्र शिकवलं. आम्ल, अल्कली, लिटमसचा कागद. पण खालाची बाटली मला कधी आठवली नाही. पोट दुखलं की दुकानातली गोळी घ्यायची आणि तास गाठायचा, असं चाललं होतं. रिटायर झाले आणि वेळच वेळ हातात आला. माझ्यासारख्या बाईला वेळ मिळाला की घरच्यांचं काही खरं नसतं.

मोबाइलवर ऋतुचर्येचा एक वर्ग होता. पडद्यावरच्या वैद्यबाई फार गोड बोलायच्या. हेमंतात अग्नी प्रदीप्त असतो, शिशिरात रूक्षता वाढते, वसंतात कफ पातळ होतो. मी वही घेतली, समास आखला. सहा ऋतू, प्रत्येकाचे दोन महिने, काय खावं, काय टाळावं, कधी उठावं, असा मोठा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. शाळेत वेळापत्रक मीच करायचे, त्यामुळे हात बसलेला होता.

त्या तक्त्याचं पालन करायला घरात एकच विद्यार्थी. हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, त्यामुळे तक्ता दिसला की मुकाट मानायची सवय. मी सकाळी तिळाचं तेल कोमट करून द्यायचे, हे अंगाला चोळून गच्चीवर उन्हात बसायचे. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, काका, कुस्ती धरली का काय? ह्यांनी त्यालाही उत्तर दिलं नाही आणि मलाही काही विचारलं नाही. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, सुंठीचं पाणी, दुधात उकळलेला लसूण. समोर ठेवलं की खाल्लं, हातात दिलं की प्यायले. एकदा मी काढ्यात ज्येष्ठमधाऐवजी भलतीच मुळी उकळली होती. कडू जहर झालं होतं. तेही प्यायले आणि कप धुऊन पालथा घातला. मला त्याचं कौतुक वाटायचं. त्यातलं थोडं स्वतःचंच होतं, हे आता कळतं.

मला बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं. नुसत्या बढाया नव्हत्या त्या. लवकर उठल्यामुळे थंडी कशी उतरते ते दिसायचं. धुकं आधी रेल्वेच्या रुळांवर बसतं आणि मग वस्तीत येतं. ऊन तळहातावर घेतलं की त्याचं वजन कळतं. कुठली भाजी कधी येते आणि कधी जून होते, हे मी साठीला टेकल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर माझे ऋतू सहामाही आणि वार्षिक असे दोनच होते.

तर त्या पौषात मला आंब आठवली. वैद्यबाईंनी एका दिवशी सांगितलं, आपल्या आजूबाजूचं ज्ञान शोधा. मी ताडकन उठले. भिंतीपलीकडच्या दोन शेजारणींना बोलावून मी आंबेवर छोटं भाषणच ठोकलं. आपल्या लोकांनी सगळं कसं सोडून दिलं, घरोघरी बाटली असायची, आता कुणाला नावही ठाऊक नाही, वगैरे. त्या बिचाऱ्या माना डोलवत होत्या. मग धाकट्या भावाला, दत्ताला, फोन केला की मी येते आहे, आंब धरायची आहे. तो म्हणाला, ये की आक्का, आमी न्हाई म्हनतो का?

मी पोचले तेव्हा दत्ता मुलीच्या सासरी शिरड शहापूरला निघाला होता. तिथे कसलासा कार्यक्रम होता, तीन दिवसांनी येणार होता. वहिनीला गुराढोरांचं आणि स्वयंपाकाचं. मी एकटीच ह्यांच्या जुन्या धोतराचं पान घेऊन संध्याकाळी रानात गेले.

काय हरभरा होता तो! दत्ताचं रान हिरवंगार, पान न् पान टवटवीत, निळी-जांभळी फुलं, शेंगेचा एक घाटा किडका नाही. आणि बांधाला लागून खालाच्या रानात पाच-सहा ओळी अशा की बघवत नव्हत्या. पानं कुरतडलेली, घाट्यांना भोकं, हिरव्या अळ्या खुशाल फिरताहेत. मी मनात म्हटलं, खाला आता थकली, पोरांचं लक्ष नाही. आंब तर तिनं कधीच सोडली असणार, असंही मी धरून चालले. तिच्या घरी गेले नाही. चार पावलांवर घर होतं. खरं सांगायचं तर मला तिला विचारायचं नव्हतं, मला तिला भरलेली बाटली नेऊन दाखवायची होती.

मी दत्ताच्या रानात, सगळ्यात तजेलदार तुकडा निवडून कापड पसरलं. वहीत लिहिल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं. कापड सुती, धुतलेलं. बाटली काचेची, उकळून घेतलेली. उजाडायच्या आत गेले, अनवाणी, पायाला गारठा चावत होता. कापड पिळताना बोटांच्या भेगांत आग झाली आणि मला लहानपण आठवून भरून आलं. तीन पहाटे असं केलं. बाटली भरली. दत्ता परत यायच्या आत मी हिंगोलीची गाडी धरली.

दोन छोट्या बाटल्या शेजारणींना दिल्या, चिठ्ठ्या चिकटवून. मोठी आमच्या फळीवर ठेवली. मी स्वतः घेतली नाही, कारण मला पित्त, आंबट चालत नाही.

संक्रांतीला तिळाच्या पोळ्या झाल्या. ह्यांनी तीन खाल्ल्या, वर तूप. दुपारी पोटावर हात ठेवून बसले. मला मनातून आनंदच झाला, की आता बाटली उघडायला मिळणार. अर्धा कप पाण्यात दोन चमचे आंब घालून दिली. ह्यांनी हात पुढे केला, प्यायले, आंबट आहे म्हणाले आणि आडवे झाले.

तासाभरात ह्यांना दरदरून घाम सुटला. मग उलटी झाली, पुन्हा झाली. डोळ्यांपुढे फिरतंय म्हणाले. मला वाटलं, पोळ्या बाधल्या, अजून एक चमचा द्यावा. किती द्यावी ते विचारायला दत्ताला फोन लावला. फोन लावला नसता तर मी तो तिसरा चमचा दिला असता.

दत्तानं आधी एकच विचारलं, आंब कोणत्या रानातली?

‘आपल्याच. विहिरीकडच्या तुकड्यातली.’

‘विहिरीकडच्या?’ त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, ‘आक्का, तिथं तू यायच्या आदल्या दिशीच फवारलं होतं. घाटेअळीसाठी. तू तिथं काहून गेलीस? आंब खालाच्या ओळींतून धरायची असती ना. सगळं गाव तिथूनच नेतं. मला वाटलं तुला ठावं असंल.’

शेजारच्या पोरानं रिक्षा आणली. बाटली पिशवीत घालून मी ह्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. काय घेतलं होतं, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, अगदी फवारणीचा दिवससुद्धा. सांगताना आवाज वर्गात असतो तसा कोरडा येत होता. त्यांनी बाटली उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला. सलाइन लावलं, दोन दिवस ठेवून घेऊ म्हणाले. फवारणीच्या औषधानंच झालं की पोळ्यांनी, ते नक्की सांगता येत नाही, पण असलं काही पुन्हा देऊ नका. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, तुम्हीपण घेतली का?

मी नाही म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांच्या मनात काही नसेल. पण मी त्या स्टुलावर बसून राहिले आणि मला फार लाज वाटली. स्वतः जिभेला न लावलेली गोष्ट मी त्यांना दिली होती, आणि पित्ताचं कारण पुढे करूनही ती लाज जात नव्हती.

तोवर दत्ता वहिनीला घेऊन पुसेगावहून आला, मग ह्यांच्याजवळ वहिनीला बसवून मी घरी आले, ते शेजारणींकडे जायला. दोन दारं वाजवायची होती. भाषण दिलेल्या बाईला आठ-दहा दिवसांनी त्याच दारात उभं राहून ‘घेतली नाही ना? परत द्या, त्यात विष असेल’ म्हणायचं होतं. म्हटलं. एकीनं उघडलीच नव्हती. दुसरीनं वास घेऊन ठेवून दिली होती, घरातल्यांनी नको म्हटलं म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या घरातले लोक माझ्यापेक्षा शहाणे निघाले, हे मी तिला तोंडावर सांगितलं.

हे दोन दिवसांनी घरी आले. बरे झाले, ठणठणीत झाले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे केला तेव्हा ह्यांनी कप घेतला, आत बघितलं आणि विचारलं, काय आहे हे?

चहा, मी म्हटलं.

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिकीट बघितल्यासारखं विचारलं आणि प्यायले. त्या दिवसापासून दूध दिलं तरी काय आहे हे, सरबत दिलं तरी काय आहे हे. साध्या पाण्याच्या तांब्याकडेही आधी एकदा बघून घ्यायचे. त्यांना स्वतःला ते कळत असेल असं मला वाटत नाही. मला मात्र दर वेळी आत कुठेतरी टोचायचं. मी पुष्कळ वाट बघितली, की आज विचारणार नाहीत, उद्या विचारणार नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काय आहे हे?

त्या माघातच मी खालाकडे गेले होते. पंचाऐंशीच्या घरातली बाई, ओसरीवर उन्हात बसली होती. मी सगळं सांगितलं. मी समजत होते की ती रागावेल किंवा हसेल. तिनं काठी घेतली आणि मला रानात नेलं, त्याच किडक्या ओळींपाशी. म्हणाली, ह्या सहा ओळी तिच्या सासूच्या वेळेपासून आंबेच्या. पोरगं सगळ्या रानाला फवारतं, करणार काय, न्हाई तर दाणा हाती लागत नाही. पण वारं बघून फवारतं, आणि ह्या सहा ओळी सोडून. तिथलं पीक अळीचं, आणि दव गावाचं. आंब तिनं कधीच सोडली नव्हती. दत्ताच्या घरातसुद्धा तिचीच बाटली होती, फडताळात, मी जेवायला बसायचे त्याच्या बरोबर वर.

‘अळीला बराबर कळतं, बेटा,’ खाला म्हणाली. ‘जिथं अळी जगली न्हाई, तिथं तू काहून गेलीस?’

मी फार निरोगी झाड निवडलं होतं, एवढंच. माझ्या तक्त्यात सहा ऋतू होते, प्रत्येकाचा आहार होता, विहार होता. फवारणीचा रकाना नव्हता. ज्यांनी ते ग्रंथ लिहिले त्यांच्या हेमंतात पंप नव्हते, आणि आमच्या हेमंतात ते आहेत. ऋतू ओळखायचा म्हणजे हेही ओळखायचं. खालानं ते कुठल्या वहीत न लिहिता केलं होतं. मी मात्र तिच्या बांधावर उभी राहून ‘आपले लोक विसरले’ म्हणत होते.

तक्ता मी फाडला नाही. अजून फ्रिजवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात. तेल चोळणं चालू आहे, बाजरी चालू आहे. आता मी बाजारात भाजीवालीला विचारते, कुठल्या रानातली, कधी फवारलं होतं? ती आधी चिडायची. आता कधीकधी स्वतःच सांगते की ही आज नका घेऊ बाई. दर पौषात पुसेगावला जाते. खालाला आता वाकवत नाही. ती बांधावर बसून सांगते आणि मी कापड पसरते. अळ्या कापडावर चढतात, त्या उचलून पुन्हा पानावर ठेवायच्या, असा तिचा नियम आहे. आंब पहिल्याएवढी निघत नाही, कारण पानंच अर्धी असतात.

खालाच्या ओळींतून मी आणलेली बाटली दोन वर्षं फळीवर नुसती राहिली. ह्यांना द्यायचा मला धीर नव्हता आणि ह्यांनीही मागितली नाही. पहिल्यांदा मी स्वतः घेऊन बघितली, अर्धा चमचा, पित्त असताना. दिवसभर घशाशी आंबट आलं, पण काही झालं नाही.

परवा ह्यांचं पोट दोन दिवसांपासून जड होतं. सकाळी स्वतःच म्हणाले, ती खालाची आंब आहे का? मी आत गेले. आधी माझ्या जिभेवर थोडी घेतली, थोडा वेळ काम करत राहिले, मग कपात पाणी घेऊन चमचाभर टाकली आणि बाहेर आले. हे पेपरात गढलेले. वर न बघता त्यांनी हात पुढे केला, कप घेतला आणि सरळ ओठाकडे नेला.

तीन वर्षं मी हेच व्हायची वाट बघत होते. आणि झालं तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

‘काय झालं?’ हे म्हणाले.

‘आधी विचारा.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पेपर मांडीवर ठेवला.

‘काय आहे हे?’

मी सांगितलं. कुणाचं रान, कितवी ओळ, कापड कुणी पसरलं, कुणी पिळलं, शेजारच्या रानात फवारून किती दिवस झाले होते, वारा कुठला होता, आणि आत्ता मी किती घेतली. मी सगळं सांगून होईपर्यंत हे कप तसाच धरून बसले. मग प्यायले.